टाकेवाडीच्या राजपुत्राचं मरण

आकाराम थोरवडे यांनी आयुष्यात एकशे बेचाळीस पारशी मुली उचलल्या आणि त्यातली एकही पाडली नाही. हा आकडा त्यांचा स्वतःचा. तो सांगताना ते उजवा हात खांद्याच्या वर नेऊन तळवा सपाट धरत, जणू एकशे त्रेचाळिसावी तिथं बसलेलीच आहे. कराडपासून आठ मैलांवरच्या टाकेवाडीत माणसं पोती उचलतात, वैरणीचे भारे उचलतात, तालमीत एकमेकांना उचलतात. पारशी मुलगी उचललेला माणूस पंचक्रोशीत हा एकच. गाव त्यांना बॅले मास्तर म्हणे. बॅले म्हणजे काय, असं कुणी पाहुण्यानं विचारलं तर पारावरचं उत्तर ठरलेलं होतं: न बोलता करायचं नाटक, आणि तेही चवड्यांवर.

मास्तर मूळचे पैलवान. सेहेचाळीस साली पोट भरायला मुंबईला गेले आणि गवालिया टँकजवळ फ्रेनीबाई नावाच्या पारशी बाईंच्या नाचाच्या क्लासवर दरवान म्हणून राहिले. एके दिवशी कुणा मुलीची केसातली पिन पियानोखाली गेली. आकारामनं डाव्या हातानं पियानोचं एक टोक उचललं, उजव्या हातानं पिन काढली, पियानो खाली ठेवला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. फ्रेनीबाईंनी वाजवणं थांबवलं. त्यांच्याकडे मुली तीस होत्या आणि त्यांना उचलणारा पुरुष एकही नव्हता; चांगल्या घरचे पारशी तरुण कंबरेत उसण भरायच्या भीतीनं फिरकत नसत. पुढच्या महिन्यात आकाराम पांढऱ्या घट्ट विजारीत रंगमंचावर वारा म्हणून उभा होता.

बाईंनी त्याला वीस वर्षं शिकवलं आणि खरंच शिकवलं. पाय कसे वळवायचे, गुडघे मोडून सरळ कसं उठायचं, संगीत मोजायचं कसं, सगळं. तो वारा झाला, पहाड झाला, समुद्र झाला, एका खेळात जिना झाला. पण दरवानाची नोकरी सुटली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या अंकात शेवटची मुलगी उचलून ठेवली की धावत जायचं, विजारीवर खाकी कोट चढवायचा आणि बाहेर जाऊन प्रेक्षकांसाठी टॅक्सी बोलवायच्या. वीस वर्षांत आकाराम थोरवडे यांनी एकाही बॅलेचा शेवट पाहिला नाही. राजकन्या मेली की जगली हे त्यांना टॅक्सीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

एकोणसत्तर साली गुडघा गेला आणि सत्तरमध्ये मास्तर गावी परतले ते एक ग्रामोफोन, अकरा तबकड्या आणि एकच इच्छा घेऊन: आपण स्वतः बसवलेला एक बॅले, पडदा वर जाण्यापासून पडदा पडेपर्यंत, मध्ये न तुटता, एकदा तरी व्हावा. त्यासाठी त्यांनी ‘श्री जोतिबा प्रसन्न बॅले मंडळ, टाकेवाडी’ स्थापन केलं. संचालक, नृत्यदिग्दर्शक आणि ग्रामोफोनची किल्ली फिरवणारे ते एकटेच.

नर्तक आणायचे कुठून? मास्तरांनी गावातले पाय न्याहाळले आणि त्यांना पाय सापडले ते तालमीत. केरबा, गुंडा आणि नाथाजी असे तीन पैलवान त्यांनी निवडले. रोज दोनशे बैठका मारणाऱ्या पोरांना गुडघे मोडून उठायला शिकवावं लागत नाही, फक्त उठताना मांडीवर थाप मारू नका एवढं शिकवावं लागतं. ते शिकवण्यात दीड वर्ष गेलं. तालमीचे वस्ताद नानासो सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले आणि चार तालुक्यांत कुस्त्यांचे पंच म्हणून मानले जाणारे. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता, पण पोरांचा दम वाढतोय म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही. उलट फौजेतल्या लांब पांढऱ्या विजारी त्यांनीच दिल्या.

राजकन्येचं मात्र अडलं. कुठल्या घरची मुलगी येणार? शेवटी मास्तरांची बायको राहीबाई पुढं आली. वय चाळीस, डोक्यावर दोन घागरी घेऊन चिखलातनं बांधाबांधानं चवड्यावर चालण्याचा सराव पंचवीस वर्षांचा. तिनं एकच अट घातली, नऊवारी सोडणार नाही. मास्तरांनी काष्टा पाहिला, पाय किती मोकळे राहतात ते पाहिलं, आणि फ्रेनीबाईंनी वीस वर्षं झालरीच्या झग्यांवर उगाच कापड घालवलं असं मला पुढं अनेकदा सांगितलं.

बॅले होता ‘नदीची लेक’. गोष्ट सोपी. राजपुत्र शिकारीला येतो, नदीच्या लेकीवर भाळतो, तिला पाण्याबाहेर येता येत नाही, तो झुरून काठावर मरतो. ती त्याच्या छातीवर कमळ ठेवते आणि दोन लाटा येऊन त्याला पाण्यात घेऊन जातात. राजपुत्र केरबा, लाटा गुंडा आणि नाथाजी. कमळ छातीवर ठेवायचं म्हणजे छाती वर हवी, आणि छाती वर हवी म्हणजे पाठ खाली. मास्तर स्वतः पैलवान असून ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. वीस वर्षं मुंबईत राहिल्याचा परिणाम, दुसरं काय.

बहात्तरच्या चैत्रात टाकेवाडीच्या जत्रेत, दुपारच्या कुस्त्या संपल्यावर त्याच मैदानात पहिला खेळ झाला. केरबा शिकारीला आला, भाळला, झुरला आणि लाल मातीत उताणा पडला. राहीबाई त्याच्यावर कमळ घेऊन वाकली. दोन हजार माणसांनी काय पाहिलं? केरबा पैलवानाचे दोन्ही खांदे मातीला लागलेत आणि वर एक बाई आहे. हलगीवाल्यानं हलगीवर टिपरी टाकली. शेजारच्या गावचे लोक आत घुसले, त्यांनी राहीबाईला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि तिला खांद्यावर घेऊन देवळाला फेरी घातली. नदीची लेक गेली ती दिवस मावळताना परत आली. लाटा तोवर चहाला गेल्या होत्या. केरबाच्या ठरलेल्या दोन कुस्त्या मोडल्या, कारण समोरच्या पैलवानांचं म्हणणं पडलं की मास्तरांच्या बायकोकडून चितपट झालेल्या गड्याशी लढून आमचं नाव काय होणार.

त्या संध्याकाळी केरबा मास्तरांकडे आला. हा सहा फुटी, शांत, म्हशीसारख्या डोळ्यांचा माणूस. मास्तरांवर त्याचा जीव होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “मराय सांगा, आत्ता मरतो. पर पाठ टेकायची न्हाई.”

इथून मास्तरांची नृत्यदिग्दर्शक म्हणून खरी कारकीर्द सुरू झाली. पाठ न टेकता माणूस किती प्रकारे मरू शकतो, यावर एवढा विचार जगात दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

त्र्याहत्तर साली साताऱ्याला माजी सैनिकांच्या मेळाव्यात, दुपारी चारला, राजपुत्र उभ्यानं मेला. भाल्याचा आधार, मान खाली, तबकडीवर संथ, दुःखी सूर. पहिल्या रांगेतले एक वयस्कर हवालदार उठून सावधान झाले. मग पहिली रांग, मग सगळं सभागृह. मरण पावलेल्याला मानवंदना देतात, यात चूक कुणाची? पण विश्रामचा हुकूम द्यायला कुणी नव्हतं. हुद्द्यानं वरचढ नानासो सुभेदारच होते आणि ते विंगेत स्वतः सावधान उभे होते. त्यांना हुकूम देणारा मेजर साहेब आजारी असल्यामुळे आला नव्हता. पंचवीस मिनिटं साडेतीनशे माणसं आणि एक मेलेला राजपुत्र समोरासमोर उभे राहिले. राहीबाई कमळ घेऊन आली, सगळ्यांकडे पाहून तीही उभी राहिली. मग सभागृहाची वेळ संपली आणि शिपायानं दिवे घालवले.

चौऱ्याहत्तरला वाईच्या घाटावर राजपुत्र पालथा मेला. पुढं बसलेल्या दोन भटजींना ते पाहवेना. प्रेत असं ठेवत नाहीत, असं त्यांनी आधी शांतपणे सांगितलं. बॅलेत उत्तर देत नाहीत, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा ते दोघं वर चढले आणि धर्मबुद्धीनं केरबाला उताणा करू लागले. आता पालथ्या पैलवानाला कुणी कडेनं पलटवायला लागलं की तो काय करतो, हे त्याच्या हाडात बसलेलं असतं. मेलेल्या केरबानं कोपरं आवळली, गुडघे पसरले आणि जमीन धरली. भटजींनी जोर लावला. केरबानं डोळे न उघडता एकाच्या घोट्याला हात घातला. पुढचं मास्तरांनी मला सांगितलं नाही. भटजी सज्जन होते आणि त्यांनी नंतर मास्तरांना आणि केरबाला घरी जेवायला बोलावलं, एवढंच सांगितलं.

तीन वर्षं, तीन खेळ, आणि शेवट एकाचाही नाही. अशा वेळी फ्रेनीबाईंचं पत्र आलं. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुंबईत डॉक्टर नव्हते असं नाही, पण त्यांचा भाचा मिरजेला डॉक्टर होता आणि बाईंचा घरचा सोडून कुणावर विश्वास नव्हता. जानेवारीतल्या एका सोमवारी ऑपरेशन, नंतर पट्ट्या, आणि मग तिथूनच बहिणीकडे इंग्लंडला कायमचं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की आदल्या रविवारी आकारामची कंपनी जवळपास कुठं खेळ करत असेल तर जेवढं दिसतं तेवढ्या डोळ्यांनी पाहीन.

पत्र घेऊन मास्तर सांगलीला माझ्याकडे आले. मी तेव्हा एका नाट्यगृहाच्या मंडळावर होतो. आमची सांगली नाटकात मुरलेली. इथला सायकल दुरुस्त करणाराही नटाच्या तिसऱ्या अंकातल्या आवाजाबद्दल मत बाळगून असतो. असल्या गावात बॅले, आणि तो पैलवानांचा, म्हणून मंडळातल्या दोघांनी नाक मुरडलं. मी त्यांना सांगितलं की या खेळात कुणी गाणार नाही. हे ऐकून ते लगेच तयार झाले. रविवार दुपारची वेळ मिळाली.

पण केरबाची पाठ होती तिथंच होती. भरीस भर, सांगलीनंतर आठच दिवसांनी जतकडच्या बिराप्पाशी त्याची कुस्ती ठरली होती, तीन वर्षांतली पहिली मोठी, आणि बिराप्पाची माणसं नाटक बघायला येणार असं त्यांनी कळवलं होतं. मास्तरांनी त्याला समजावलं, विनवलं. एकदा तर, बाई आता पुन्हा दिसणार नाहीत, असंही सांगून पाहिलं. केरबा रडला. रडत रडत नाही म्हणाला.

तोडगा राहीबाईनं काढला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तिला दोघांचाही कंटाळा आला होता.

“आवं, पाठ लागली का न्हाई, ते पंचानं ठरवायचं आसतंय न्हवं? मग पंच न्या की संगं.”

नानासो सुभेदारांपुढं प्रकरण गेलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला: रंगमंचाच्या फळ्यांवर पडलेला गडी कुस्तीत धरला जाणार नाही. पण पंचाचा निर्णय जागेवर, नजरेनं पाहून द्यावा लागतो. घरी बसून देता येत नाही. म्हणजे राजपुत्र मरेल तेव्हा ते स्वतः फेटा बांधून रंगमंचावर जाणार, जवळून पाहणार आणि निकाल लोकांना दाखवणार. मास्तरांनी ते डोळ्यांपुढं आणून पाहिलं: नदीकाठ, चांदणं, मेलेला राजपुत्र आणि कोटावर पदकं लावलेला कुस्तीचा पंच. पण याशिवाय केरबा पडणार नव्हता. मास्तरांनी पाया पडून एकच मागितलं, काय वाटेल ते करा, पण तोंडातून शब्द काढू नका. तीस वर्षं हुकूम देण्यात गेलेल्या माणसाला हे जड होतं. नानासोंनी जोतिबाची शपथ घेतली.

रविवारी फ्रेनीबाई आल्या. काडीएवढ्या, पाठ ताठ, जाड चष्मा आणि त्यावर धरायची छोटी दुर्बीण. मी शेजारी बसलो आणि काय चाललंय ते सांगू का म्हणून विचारलं. त्यांनी मला गप्प बसवलं. सांगावं लागलं तर तो बॅले नव्हे, असं त्यांचं मत पडलं.

पडदा वर गेला. पहिला अंक सुरळीत झाला. लाटांच्या उड्यांनी फळ्यांतली दहा वर्षांची धूळ वर आली, ती लोकांना धुकं वाटली. राहीबाई निळ्या नऊवारीत चवड्यांवर आली तेव्हा माझ्या मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. मास्तर विंगेत ग्रामोफोनपाशी बसलेले मला दिसत होते; ते रंगमंचाकडे पाहत नव्हते, तिसऱ्या रांगेकडे पाहत होते. तिथं बिराप्पाची सहा माणसं हाताची घडी घालून बसली होती.

केरबा मरायला लागला. इतकं सावकाश मरण सांगलीनं पाहिलं नव्हतं, आणि आमच्याकडे सावकाश मरणारे नट कमी झाले नाहीत. एक गुडघा टेकला. मग तळहात. मग कोपर. मग तो बराच वेळ नुसता बसून राहिला आणि त्यानं विंगेकडे पाहिलं. मग पाठ इंचाइंचानं खाली गेली. तिसऱ्या रांगेतली माणसं अर्धवट उठली.

तेवढ्यात डावीकडून नानासो आले.

हे चालणं कसं सांगू? फौजेतली कवायत त्यात होती, पण फक्त कंबरेच्या वर. खाली होतं ते आखाड्यात भिडलेल्या जोड्यांभोवती वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाचं चालणं: पाऊल कुणाच्या अंगावर पडू न देता, नजर जराही न हलवता. प्रेक्षकांकडे त्यांनी पाहिलंच नाही. केरबाभोवती एक पूर्ण फेरी घातली. गुडघ्यावर बसले, उजव्या खांद्याखाली तळवा सरकवला, थांबले. डाव्या खांद्याखाली सरकवला, जास्त वेळ थांबले. उठले. तिसऱ्या रांगेकडे तोंड करून कंबरेच्या उंचीवर हात आडवा हलवला. निकाल नाही.

बिराप्पाची माणसं खाली बसली.

माझ्या डावीकडं एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ते हळूच म्हणाले, “यम.” त्यांच्या पत्नीनं मान हलवून सांगितलं की यम नाही, राजपुत्राचे वडील. पलीकडचा एकजण आधीच डोळे पुसत होता, त्याला काय वाटलं ते कळलं नाही.

राहीबाईनं छातीवर कमळ ठेवलं. लाटा आल्या, राजपुत्राला उचलून निघाल्या. पंच पैलवानांच्या आधी मैदान सोडत नाही, म्हणून नानासो उभे राहिले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी फेटा उतरवून काखेत धरला आणि लाटांच्या मागून चालू लागले. नंतर मी विचारलं तर एवढंच म्हणाले की, खांद्याखाली हात घातला तो गरम लागला, बरं वाटलं. तसा हात पूर्वी पुष्कळदा घातलाय, दर खेपेला गरम लागला न्हाई. बर्माच्या लढाईत की आणखी कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पडदा पडला. आपणहून, आपल्या वेळेला.

मी आत गेलो. मास्तर तबकडीवर हात ठेवून बसले होते. संपला का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हणालो. चौथ्यांदा त्यांनी पडदा ओढणाऱ्याला विचारलं.

फ्रेनीबाई भाच्याचा हात धरून आत आल्या. लाटा जड आहेत, दुसरा अंक लांबलाय, नदीच्या लेकीचे हात फार सुंदर आहेत, असं त्यांनी भराभर सांगितलं. मास्तर खाली मान घालून ऐकत होते, दरवान असल्यासारखे. मग बाईंनी विचारलं,

“तो शेवटी येतो तो म्हातारा. त्याचं चालणं तू बसवलं?”

मास्तर खोटं बोलू शकले असते. नानासो तिथंच बाकावर बसून बूट काढत होते आणि त्यांना बॅलेतलं श्रेय नको होतं.

“न्हाई बाई. ते कुणी बसवलं न्हाई. ते तसंच हाय.”

“मग बसवता येतं का बघ,” बाई म्हणाल्या. “मला नसतं आलं.”

त्यांनी मास्तरांच्या गालावर दोन बोटं टेकवली आणि त्या मिरजेला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेवाडीत नानासो नेहमीप्रमाणे उसाच्या बांधावरनं फिरायला निघाले. थोडं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्यामागं कुणीतरी चार हात अंतर ठेवून येतंय. वळून पाहिलं तर मास्तर, दुखरा गुडघा ओढत, ओठांत काहीतरी मोजत.

“काय रं आकाराम, माझ्या मागं का?”

“आवं, तुमी चाला. माझ्याकडं बघू नका.”

नानासो चालले. पण कुणी पावलं मोजतंय हे कळल्यावर माणसाचे पाय त्याचे राहत नाहीत. हात कवायतीसारखे झुलू लागले, टाचा आपटू लागल्या. मास्तरांनी थांबवलं. कालचं न्हवं, म्हणाले. नानासो पुन्हा चालले, आणखी वाईट चालले. तिसऱ्या खेपेला ते चिडले. रिकाम्या बांधावर पंच कसा चालणार, म्हणाले. मधे गडी पायजे.

केरबा वैरणीचा भारा घेऊन पलीकडून येत होता. मास्तरांनी त्याला हाक मारली आणि बांधाकडे बोट दाखवलं. केरबानं भारा उतरवला. त्यानं वाटेच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं, उसात कुणी पाणी पाजत नाही ना ते वाकून पाहिलं. मग अंगातला सदरा काढून नीट अंथरला आणि त्यावर उताणा झाला. नानासोंनी फेटा सारखा केला. मास्तर चिखलात मांडी घालून बसले आणि एकपासून मोजायला लागले.